टीपी-लिंक ईआर६०५ राउटर आणि दुकानासाठी दोन नेट: नवी पेठेतला अनुभव

आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, सोलापूरला नवी पेठेत. दिवाळी, गड्ड्याची यात्रा आणि लगीनसराई हे तिन्ही सीझन या राउटरवर काढले, म्हणून आता लिहितोय. याला दोन नेट जोडता येतात, एक पडलं की दुसरं आपोआप चालू होतं. राउटर चांगलाय, पैसे वसूल आहेत. पण नुसता राउटर घेऊन काही होत नाही, त्याला कुठली दोन नेट जोडता त्यावर सगळं आहे.

बाजारात बरेच जण दोन कंपन्यांचं फायबर घेतात आणि बॅकअप झाला म्हणतात. एकदा दुकानाबाहेर येऊन वर बघा की ओ. दोन्ही वायरी त्याच विजेच्या खांबावरून येतात, एखादा उंच माल भरलेला टेम्पो गल्लीत शिरला की दोन्ही एकदमच तुटतात, नाहीतर रस्ता खोदणाऱ्यांनी एकाच जागी दोन्ही कापलेल्या असतात. सोलापूर २०१६ च्या पहिल्या २० स्मार्ट सिटींच्या यादीत होतं, तेव्हापासून खोदाई म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको. कंपनी वेगळी असून भागत नाही, वाट वेगळी पाहिजे. म्हणून आमच्याकडे मेन लाईन फायबरची आणि बॅकअप हवेतून येणारा, म्हणजे सिमवरचा ४जी. ५जी एअरफायबर, म्हणजे अँटेना लावून टॉवरवरून घेतलेलं नेटपण चालेल, फक्त रेंज दुकानात काउंटरपाशी उभं राहून बघा, भर बाजाराच्या वेळी, सकाळी शटर उघडताना नाही. यात्रेच्या गर्दीत टॉवरवर लोड येतो आणि फुल काड्या दिसूनपण नेट रांगतं.

आता नेट गेल्यावर नेमकं काय अडतं ते आधी समजून घ्या, नाहीतर उगाच महागडा प्लॅन घ्याल. क्यूआरवर पैसे येणं थांबत नाही, कारण गिऱ्हाईक स्वतःच्या मोबाईल डेटावर पैसे पाठवतं आणि साउंडबॉक्सला त्याचं स्वतःचं सिम असतं. कार्ड मशीनमध्येपण बहुतेक वेळा सिमच असतं. अडतं ते क्लाउडवरचं बिलिंग, दुसऱ्या दुकानातला स्टॉक बघणं, आणि होलसेलवाल्यांचं ई-वे बिल, म्हणजे माल पाठवताना सरकारी पोर्टलवर काढायचं बिल. हैदराबादला ५० हजारांच्या वरचा माल निघालाय, ट्रान्सपोर्टवाला दारात उभा आहे आणि पोर्टल उघडत नाही, तेव्हा कळतं बॅकअप कशाला लागतो. या कामांना डेटा लै कमी लागतो, त्यामुळे बॅकअपचा प्लॅन साधा घेतला तरी चालतो.

डेटा खातो तो सीसीटीव्ही. फायबर गेलं की कॅमेरे सिमवर चढतात आणि दिवसाचा डेटा संपवतात. ईआर६०५ मध्ये डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगच्या डब्याला, फक्त पहिल्या लाईनवर बांधून ठेवता येतं, मला हे सगळ्यात जास्त आवडलं. घरी बसून कॅमेरे बघत असाल तर तेवढा वेळ दिसणार नाहीत, ते मला चालतं.

सेटिंगमध्ये लोड बॅलन्सिंगच्या मोहात पडू नका, दोन्ही लाईन एकदम वापरल्या की बँकेची साईट मध्येच लॉगआउट करू शकते. लिंक बॅकअप लावा, पहिली मेन आणि दुसरी फक्त ती पडल्यावर. आणि ऑनलाइन डिटेक्शन, म्हणजे नेट खरंच चालू आहे का ते राउटर तपासतो ती सेटिंग, मॅन्युअलवर ठेवून ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता द्या. कारण कधीकधी फायबरच्या डब्याचे सगळे लाइट हिरवे असतात, वायरपण ठीक असते, पण पुढे कंपनीकडंच नेट बंद असतं, आणि राउटरला वाटतं सगळं छान चाललंय.

इंजिनिअर बसवून गेला की लगेच सही करू नका, आधी टेस्ट करून घ्या. राउटरमधली लॅन वायर काढून दाखवतील, ती खरी टेस्ट नाही. फायबरच्या डब्यामागची हिरव्या टोकाची बारीक वायर हळूच काढा, एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा लाल लाइट लागू द्या, आणि मग बिल निघतं का बघा. टोकाला बोट लावू नका, धूळ बसली की सिग्नल कमी होतो.

उणं काय आहे तर या राउटरला वायफाय नाही, त्यासाठी वेगळा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा डबा घ्यावा लागतो. आणि लाईन बदलताना थोडा वेळ जातो, तेवढ्यात पोर्टलवर फॉर्म भरत असाल तर परत लॉगिन करावं लागतं. सगळं इंग्रजीत आहे, त्यामुळे काउंटरवरच्या पोरांना मी पासवर्डच दिलेला नाही, फक्त कुठला लाइट काय सांगतो ते शिकवलंय.

लाईटीचं विसरू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. फायबरचा डबा, राउटर आणि सिमचा मोडेम, तिन्ही यूपीएसवर पाहिजेत. राउटर बाहेर राहिला तर लाईट गेल्यावर सगळंच बंद, डबा किंवा मोडेम राहिला तर त्याची लाईन बंद. छोटे डीसी यूपीएस मिळतात ते चालतात, पण प्रत्येक अडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते वाचून घ्या, पिन बसली म्हणून जोडू नका.

पाचपैकी चार. एअरफायबर घेणार असाल तर बाहेरच्या अँटेनाच्या युनिटलापण करंट लागतो, तो कुठल्या बोर्डवरून येणार ते इंजिनिअरकडून आधी वदवून घ्या.