सरसकट स्पीड-लिमिट की उतरंडीचं शेड्युलिंग?

नाशिकमध्ये सिडको, पाथर्डी फाट्याकडे फायबर इंटरनेट देणाऱ्या छोट्या ऑपरेटरपुढे दोन वाटा असतात. पहिली सोपी: प्रत्येक ग्राहकाच्या पीपीपीओई (लॉगिन करून जोडल्या जाणाऱ्या) कनेक्शनला १०० एमबीपीएसचं लिमिट लावा, त्यावर गेलेलं पॅकेट टाकून द्या. राउटरवर ताण नाही, डोक्यालाही नाही.

गोची रात्री जेवणानंतर होते. जीपॉनच्या (एकच फायबर अनेक घरांत वाटणाऱ्या तंत्राच्या) एका पोर्टला डाउनलोडसाठी सुमारे २.५ जीबीपीएस, त्यावर ६४ घरं. कागदावर विकलेला वेग ६.४ जीबीपीएस. राउटरच्या लेखी कुणीच हद्द ओलांडलेली नाही, पोर्ट मात्र तुंबलेला. मग ओएलटीत (हे पोर्ट असलेल्या, ऑपरेटरकडच्या यंत्रात) समोर येईल ते पॅकेट गळतं. व्हिडिओ कॉल असो की गेमचं डाउनलोड, त्याला काय कळतंय!

दुसऱ्या वाटेत ही उतरंड राउटरलाच समजावतात: वर पोर्ट, खाली ग्राहक, त्याखाली व्हॉइस आणि इतर रांगा. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर हे एचटीबीने, म्हणजे उतरंडीने वेग वाटणाऱ्या पद्धतीने होतं. लिमिट-ॲट म्हणजे हमीचा वाटा, मॅक्स-लिमिट म्हणजे कमाल वेग. शेजारी वापरत नसलेला वेग उसना मिळतो. सीपीयू मात्र चांगलाच खातं. कनेक्शनं थोडी आणि लाइन मोकळी असेल तर मी या भानगडीत पडणार नाही. पोर्ट रोज भरत असेल तर मात्र या उतरंडीला पर्यायच नाही.

फक्त ओएलटीच्या प्रत्येक पॉन पोर्टला वेगळा व्हीलॅन (त्याच तारेवरचं वेगळं आभासी नेटवर्क) द्या, म्हणजे कोण कुठल्या पोर्टवर आहे ते राउटरला कळेल, आणि वरच्या रांगेचा आकडा पोर्टच्या खऱ्या क्षमतेहून जरा कमीच ठेवा, नाहीतर गर्दी पुन्हा ओएलटीतच होणार.