ओएलईडी टीव्ही, सात महिन्यांनंतर: उभे पट्टे, गुलाबी कडा आणि मेन स्विच

सात महिने झाले टीव्ही घेऊन. ६५ इंची, फोर-के, ओएलईडी (म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो), बाकीचे स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत म्हणून परत लिहीत बसत नाही. काळा रंग खराखुरा काळा, आवाज ठीकठाक, रिमोट बकवास. एवढ्यात बाकीचा रिव्ह्यू संपला. मला लिहायचंय ते स्क्रीनच्या युनिफॉर्मिटीबद्दल, म्हणजे पडदाभर रंग आणि उजेड एकसारखा दिसतो का त्याबद्दल, कारण गेले चार महिने माझं डोकं त्यातच अडकलंय आणि शेवटी जे कळलं ते पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं होतं.

पहिले दोन-अडीच महिने काही म्हणजे काही खटकलं नाही. मग एका रात्री लाइट बंद करून बघत बसलो होतो, धुक्याचा काळपट सीन होता, कॅमेरा हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होता आणि पडद्याच्या डाव्या भागात एक उभा काळसर पट्टा जागचा हललाच नाही. चित्र त्याच्या मागून सरकत गेलं. काचेवर कुणीतरी ओल्या फडक्याने वरून खाली एकच हात मारून ठेवावा, अगदी तसं. आधी वाटलं खरंच डाग आहे, उठून कोरड्या कापडाने पुसून आलो. परत बसलो तर पट्टा तिथेच. आणि हे एकदा दिसलं ना की मग डोळा दुसरीकडे जातच नाही, गोष्ट काय चाललीय, कोण काय बोलतंय, सगळं राहतं बाजूला.

इथे एक फरक सांगतो कारण यात बऱ्याच जणांचा घोळ होतो. स्ट्रीमिंगवर अंधाऱ्या आकाशात पायऱ्या-पायऱ्या किंवा चौकोन दिसतात, ते कॉम्प्रेशनमुळे (व्हिडिओ दाबून लहान केल्यामुळे), त्यात पॅनेलचा, म्हणजे खुद्द पडद्याचा, काही दोष नाही. ते चित्राबरोबर हलतात, सीन बदलला की जातात. पॅनेलचा पट्टा मात्र कॅमेरा फिरला तरी त्याच जागी राहतो. तरीही शंका असेल तर ५ टक्के ग्रे स्लाइड (जवळजवळ काळ्या, एकसारख्या करड्या रंगाचं चित्र) पेनड्राइव्हवर घालून अंधाऱ्या खोलीत लावा आणि डोळे सरावायला चार-पाच मिनिटं द्या.

मी लावली. एक जाड पट्टा डाव्या कडेपासून बरोबर ४१ सेंटीमीटरवर, दोन बोटं रुंद, आणि उजवीकडे पाच-सहा बारीक रेघा. खालच्या फ्रेमवर कागदाचे छोटे-छोटे तुकडे सेलोटेपने चिकटवून प्रत्येकाची जागा मार्क केली, म्हणजे उद्या कुणी म्हणालं तुम्हाला भास होतोय तर दाखवता येईल. मग पूर्ण पांढरी स्लाइड लावली तर नवीनच गोष्ट दिसली, उजवी कड गुलाबीसर. आधी एकच दुखणं होतं, आता दोन झाली.

कंपनीकडे तक्रार टाकली. त्यांनी फोनवर फोटो मागितले, मी अंधारात काढून पाठवले आणि फोटोत तर पडदा पार झेब्र्यासारखा दिसत होता. त्यांनी फोटो नाकारले तेव्हा मी जाम भडकलो होतो, पण आता सांगतो, त्या एका मुद्द्यावर त्यांचं बरोबर होतं. अंधारात फोन स्वतःहून एक्स्पोजर वाढवतो आणि डोळ्याला जे जेमतेम दिसतं ते दसपट करून दाखवतो. फोटो काढायचाच असेल तर एक्स्पोजर लॉक करा आणि फोटो साधारण तेवढाच गडद येऊ द्या जेवढा तुम्हाला बसल्या जागेवरून दिसतो.

पहिला टेक्निशियन आला भर दुपारी. पडदे उघडे, ब्राइटनेस फुल, रंगीबेरंगी डेमो व्हिडिओ लावला आणि म्हणाला, "सर, पिक्चर तर एकदम क्लिअर आहे." मी म्हटलं अहो, खिडकी बंद करा, ग्रे लावा. लावली, दोन सेकंद बघितलं, "हे स्पेकमध्ये येतं सर, ओएलईडीमध्ये असतंच." आता कुठलं स्पेक, किती टक्के फरक चालतो, कुठे लिहिलंय, तर उत्तर नाही. नुसतं स्पेक. या शब्दाची मला आता चीड आलीय. ज्या पॅनेलची खासियतच अंधार आहे ते तपासायला उजेडात यायचं, याला काय म्हणायचं?

त्यात "असतंच" हे खोटंही नाही, म्हणून जास्त त्रास होतो. फोर-के म्हणजे साधारण ८३ लाख पिक्सेल, माझ्या प्रकारच्या पॅनेलमध्ये प्रत्येकात चार सबपिक्सेल, लाल, हिरवा, निळा आणि पांढरा, म्हणजे ३ कोटींच्या वर बारके दिवे आणि प्रत्येकाला करंट सोडणारं आपापलं ट्रान्झिस्टर सर्किट. पडदा उजळ असतो तेव्हा करंट भरपूर, थोडाफार फरक लपून जातो. पण जवळजवळ काळ्या सीनमध्ये करंट इतका कमी असतो की ट्रान्झिस्टरमधला किंचित फरकसुद्धा उघडा पडतो. त्यात वापराने ट्रान्झिस्टरचं वागणं बदलत जातं. म्हणून टीव्हीत सोय दिलेली असते, साधारण चार तास वापर जमा झाला की रिमोटने बंद केल्यावर टीव्ही आतल्या आत स्वतःचं मोजमाप घेतो आणि फरक भरून काढतो. काही मिनिटांचं काम. पडद्यावर काही दिसत नाही, फक्त आतून रिलेचा टक् असा आवाज येतो.

हे मला माहीतच नव्हतं! दुसरा टेक्निशियन आला (दुसरी तक्रार, मग तिसरी, मग ईमेल, मग दहा दिवसांनी), जरा वयाने मोठा होता, त्याने टीव्हीला हात लावायच्या आधी विचारलं, "रात्री मेन स्विच बंद करता का?" मी म्हटलं हो, रोज, न चुकता. तो म्हणाला, "मग याला दुरुस्त व्हायला वेळच मिळाला नाही."

इतक्या महिन्यांच्या मनस्तापाचं मूळ या एका वाक्यात होतं. आणि स्विच मी का बंद करत होतो? मला वीज वाया घालवायला आवडत नाही, हे तर आहेच. पण टीव्ही भिंतीवर लावायला जो माणूस आला होता त्यानेच सांगितलं होतं, रात्री मेन बंद करत जा, वीज वाचेल. कंपनीचाच माणूस. मी ते मनापासून पाळलं, घरच्यांनाही पाळायला लावलं. नंतर हिशोब केला. स्टँडबायला अर्धा वॅट धरला तर रात्रीचे आठ तास रोज बंद ठेवून वर्षाला दीड युनिटसुद्धा वाचत नाही. दीड युनिट! त्यासाठी एवढं महाग पॅनेल मी रोज रात्री त्याचं काम अर्धवट सोडून झोपवत होतो. आणि मॅन्युअलमध्ये हे आहे, आतल्या पानावर, बारीक अक्षरात, भिंतीवर टांगायच्या स्क्रूंच्या सूचनांनंतर. पहिल्या टेक्निशियनने हा एक प्रश्न विचारला असता तर दोन महिने वाचले असते, त्याचे नाही, माझे.

त्या दिवसापासून स्विच चालू ठेवला. वीज कडाडत असेल तेव्हा मात्र प्लग काढतो, ते काढायलाच हवं. पाचव्या दिवशी स्लाइड लावली तर बारीक रेघांपैकी तीन गायब. दहाव्या दिवशी सगळ्या गेल्या. जाड पट्टा फिका झाला पण होता, मग दुसऱ्या टेक्निशियनला फोन करून विचारलं आणि मेन्यूतला मोठा पिक्सेल रिफ्रेश (त्याच आतल्या दुरुस्तीचा मोठा प्रकार) चालवला, तासभर लागतो. लगेच बघितलं तर पट्टा जवळपास गेलेला पण दोन नवीनच रेघा आलेल्या, पोटात गोळा आला. चार दिवसांत त्याही विरल्या. हा मोठा रिफ्रेश उठसूट चालवू नका, कंपन्या स्वतःच सांगतात की गरज असेल तरच, आणि साधारण २००० तासांनी तो टीव्ही आपणहून करतो. माझे जेमतेम हजार तास झालेत.

त्यामुळे बँडिंगबद्दल, म्हणजे या उभ्या पट्ट्यांबद्दल, तीन महिन्यांपूर्वी मी ज्याला त्याला "ओएलईडी घेऊ नका" सांगत सुटलो होतो ते मागे घेतो. गुलाबी कडेबद्दल एक शब्द मागे घेत नाही. टिंट कुठल्याही रिफ्रेशने हलला नाही, एक केसभरही नाही. बर्फाचा सीन, पांढरं वेबपेज, फिकट आकाश, तिथे उजवीकडचा हातभर भाग आजही वेगळा दिसतो. ते पॅनेल बनतानाच आलेलं आहे.

आणि माझी खरी तक्रार इथे आहे. पहिले शंभर-दीडशे तास पॅनेल बसायला द्या, मग तपासा, असं सगळे सांगतात आणि पट्ट्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण तेवढे तास होईपर्यंत बदलून घ्यायची मुदत उलटून गेलेली असते! म्हणजे ज्याने समजूतदारपणे वाट बघितली तोच अडकला. म्हणून मी सांगेन, पांढरी स्लाइड पहिल्याच दिवशी लावा. टिंट पहिल्या दिवशी असेल तो बहुतेक शेवटपर्यंत राहणार, त्यासाठी थांबू नका, लगेच बदलून मागा. ग्रे स्लाइडला मात्र दोन-तीन आठवडे द्या आणि तेवढे दिवस स्विचला हात लावू नका.

गेल्या महिन्यात बरीच भांडणं झाल्यावर शेवटी त्यांनी पॅनेल बदलून द्यायची तयारी दाखवली. दोन दिवस विचार केला आणि नको म्हटलं. घरी म्हणाले वेडा आहेस, एवढा भांडलास कशाला मग. पण नवीन पॅनेल म्हणजे परत लॉटरी. कड गुलाबीऐवजी हिरवी निघाली तर? जाड पट्टा मधोमध आला तर? आम्ही बघतो ते बहुतेक रात्री, अंधारात, आणि अंधारात आता हा पडदा इतका स्वच्छ आहे की काळ्या आकाशातले बारीक तारे बघताना स्क्रीन कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते कळत नाही. त्यावर पाणी सोडायची माझी तयारी नाही. वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी परत दोन्ही स्लाइड लावून बघणार, तेव्हा काही वाढलेलं दिसलं तर मात्र सोडणार नाही, तयारी दाखवल्याचा ईमेल जपून ठेवलाय.

फ्रेमवरचे कागदाचे तुकडे काढून टाकले, ४१ सेंटीमीटरवाला तेवढा राहू दिलाय. रात्री टीव्ही बंद केला की लगेच उठत नाही, तो टक् ऐकू येईपर्यंत थांबतो.