ब्रेकच्या जुन्या होजवर चढवलेली नवी जाळी

टेक्ससमध्ये पिकअप ट्रक खाली बसवून घेण्याची हौस जुनी आहे, आणि इथे येऊन ती लागलेल्या मराठी माणसांपैकी मी एक आहे. मी घेतलेल्या जुन्या पिकअपचा मागचा अ‍ॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या खालून काढून वर बसवलेला होता, त्यामुळे गाडी पाच-सहा इंच खाली आली होती. एवढा बदल केल्यावर ब्रेकच्या नळ्या आणि केबल मूळ जागी ठेवून चालत नाही. पार्किंग ब्रेकची केबल सैल पडून फिरत्या शाफ्टला किंवा तापलेल्या सायलेन्सरला टेकते, खड्ड्यात उसळलेला अ‍ॅक्सल चॅसीवरच्या नळीवर आदळू शकतो आणि पुढचे चाक पूर्ण वळवले की टायर होजला, म्हणजे चाकापर्यंत जाणाऱ्या ब्रेकच्या लवचिक नळीला, घासू लागतो.

म्हणूनच गाडी खाली बसवण्याच्या कामात नाव असलेल्या एका गॅरेजात मी ती दिली. बिलात स्टीलच्या जाळीचे नवे होज, नळ्यांचा नवा मार्ग आणि केबलची नवी पकड यांचे पैसे वेगवेगळे लावले होते.

काही महिन्यांनी ब्रेकचे पेडल खाली जाऊ लागले, तेव्हा दुसऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली. पुढच्या डाव्या होजवरची चकचकीत जाळी त्याने नुसत्या बोटाने मागे सरकवली. आत तोच जुना रबरी होज होता आणि टायरने घासून त्याचे धागे उघडे पडले होते. मागे तर कहरच होता: सैल केबल नवी पकड लावून बांधण्याऐवजी प्लास्टिकच्या पट्टीने थेट ब्रेकच्या नळीलाच आवळली होती, आणि पार्किंग ब्रेक ओढताना सरकणाऱ्या त्या केबलने नळीवर चर पाडला होता. तिथेच ऑइल पाझरत होते. अशी जाळी स्वस्तात मिळते आणि फोटोत उत्तम दिसते, एवढाच तिचा उपयोग.

काम ताब्यात घेताना होजवर डीओटी (DOT, अमेरिकेचा परिवहन विभाग) ही अक्षरे, उत्पादकाची खूण आणि तारीख आहे का हे पाहावे, कारण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ब्रेकहोजवर ती बंधनकारक आहे. खऱ्या जाळीच्या होजची जाळी दोन्ही टोकांच्या धातूच्या जोडात दाबून बसवलेली असते, त्यामुळे ती सरकत नाही. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, तसेच चाके लोंबत असताना आणि गाडी पूर्ण दबलेली असताना, कोणती नळी ताणली जाते किंवा कशाला टेकते हे स्वतः वाकून पाहावे. चॅसीवर नळीला रबर लावलेल्या धातूच्या क्लिपा हव्यात, आणि केबलची क्लिप त्यांच्यापासून वेगळी हवी. काढलेले जुने होज मागून घ्यावेत. ते देताना टाळाटाळ झाली, तर ते गाडीवरच आहेत असे समजायला हरकत नाही.

टेक्ससमध्ये 1 जानेवारी 2025 पासून खाजगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली आहे, त्यामुळे हा दोष दुसऱ्या कोणाच्या नजरेस पडेल ही आशाही उरलेली नाही. गॅरेजमालकाने सारा दोष माझ्या गाडी चालवण्यावर ढकलला. इथल्या ग्राहक कायद्याप्रमाणे दाव्याआधी 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ती मी मेकॅनिकचा अहवाल, फोटो आणि बिलाची प्रत जोडून पाठवली आहे, आणि घासलेला होज जाळीसकट जपून ठेवला आहे.