विस्थापनाची गणितं: समांतरभुजाचं सूत्र की कॉम्पोनंट?

अकरावीला सदिशांची, म्हणजे आकारमान आणि दिशा दोन्ही असलेल्या राशींची, बेरीज शिकून झाली की सांगलीतल्या माझ्या शिकवणीत हा प्रश्न हमखास येतो: "सर, परीक्षेत नेमकी कुठली पद्धत वापरू?" समांतरभुज चौकोनाच्या नियमाचं सूत्र की प्रत्येक विस्थापनाचे (सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या सरळ बाणाचे) पूर्वेकडचा आणि उत्तरेकडचा असे घटक, म्हणजे कॉम्पोनंट, पाडून केलेली बेरीज? दोन्हींनी उत्तर एकच येतं, त्यामुळे एक बरोबर आणि दुसरी चूक असं काही नाही. कृष्णा सरळ ओलांडणाऱ्या होडीसारखं काटकोनातलं गणित असेल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही, पायथागोरस पुरतो.

सूत्राचं आधी बोलू: R² = A² + B² + 2AB cos θ, इथे A आणि B हे दोन सदिश, R त्यांची बेरीज आणि थीटा (θ) त्यांच्यामधला कोन. दोनच सदिश असतील आणि त्यांच्यामधला कोन सरळ दिलेला असेल, तर सूत्राइतकं झटपट काही नाही. ६० आणि १२० अंशांचे कॉस तर तोंडपाठच असतात. शिवाय त्याची सिद्धता परीक्षेत विचारतात, म्हणून ते सोडून चालणार नाही.

मला खटकतो तो सूत्रातला थीटा. विस्थापनाच्या गणितात माणूस चालतो आणि वळतो. समजा, विश्रामबागेतून कोणी ४ किमी पूर्वेला गेला आणि उत्तरेच्या अंगाला ६०° वळून आणखी ३ किमी चालला. आकृतीत दुसरा बाण पहिल्याच्या टोकापासून निघतो आणि त्रिकोणाच्या आत १२०° दिसतात. चांगली हुशार मुलंही तेच १२० सूत्रात घालतात आणि उत्तर √१३, म्हणजे सुमारे ३.६ किमी येतं. खरं उत्तर √३७, साधारण ६.०८ किमी. सूत्राला कोन हवा असतो तो दोन्ही बाणांच्या शेपट्या एका बिंदूवर आणल्यावरचा, म्हणजे इथे ६०°. त्यात भर म्हणजे गणिताच्या तासाला शिकलेला कोसाइन नियम आतलाच कोन घेतो, पण तिथे चिन्ह उणे असतं. दोन्ही नियम डोक्यात एकत्र झाले की कोन एकाचा आणि चिन्ह दुसऱ्याचं अशी खिचडी होते. आधी ४ किमी गेलेला माणूस जवळपास त्याच दिशेने पुढे चालत राहिला, तर तो निघाल्या जागेच्या आणखी जवळ कसा येईल, हा विचार परीक्षेच्या घाईत फार थोड्यांना सुचतो.

कॉम्पोनंटमध्ये हा घोळ माझ्या पाहण्यात फारच कमी होतो, कारण प्रत्येक कोन पूर्वेपासूनच मोजायचा असतो. दुसऱ्या ३ किमीचा पूर्वेकडचा घटक ३ cos ६०° = १.५ आणि उत्तरेकडचा ३ sin ६०° = साधारण २.६. म्हणून एकूण पूर्वेला ४ + १.५ = ५.५, उत्तरेला २.६. वर्गांची बेरीज ३७, दिशा पूर्वेपासून उत्तरेकडे साधारण २५°. आता तोच माणूस २ किमी पश्चिमेला आला तर ५.५ मधून २ वजा करायचे. राहिले ३.५ आणि २.६, विस्थापन √१९, सुमारे ४.३६ किमी. हेच सूत्राने करायचं तर आधीच्या बेरजेची दिशा २५.३° काढा, ती पश्चिमेशी १५४.७° चा कोन करते हे ओळखा, मग त्याचा कॉस लॉग टेबलात शोधा. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, त्यामुळे ही सगळी आकडेमोड हातानेच होते.

कॉम्पोनंटलाही एक खोड आहे. दिशेसाठी उत्तरेच्या घटकाला पूर्वेच्या घटकाने भागून टॅन काढतात; दोन्ही घटक उणे आले तर भागाकार धनच येतो आणि टॅनवरून काढलेला कोन नैऋत्येऐवजी ईशान्य दाखवतो. म्हणून आधी ओबडधोबड का होईना, आकृती काढा आणि दिशा घटकांच्या चिन्हांवरून ठरवा. लिखाणही थोडं जास्त होतं, हे मान्य.

कोणाचा हात सूत्रावर पक्का बसला असेल तर त्याने ते मुद्दाम सोडावं असं मी म्हणणार नाही. पण अजून ठरलं नसेल तर माझा कल कॉम्पोनंटकडे आहे. पुढच्याच धड्यात प्रक्षिप्त गती, म्हणजे फेकलेल्या वस्तूची गती, येते आणि तिथे वेगाचे घटक पाडल्याशिवाय गणिताची पहिली ओळही लिहिता येत नाही.