डीबगरचं नवं व्हर्जन : वॉर्निंग एकदाच्या माणसात आल्या

रिलीज नोट्समधे एकच ओळ होती, वॉर्निंग छापायचा कोड एका जागी आणला म्हणून. मी वाचून पुढे सरकलो, असल्या ओळीसाठी कोण अपडेट मारतं. पण आता दोन आठवडे रोज वापरून सांगतो, या व्हर्जनमधे घेण्यासारखं तेवढंच आहे, बाकी किरकोळ.

डीबगर (प्रोग्रॅम थांबवत-थांबवत चुका शोधायचं टूल) छोटा आहे, सी मधे लिहिलेला (नाव घेत नाही, वापरणारे ओळखतील). आधी यात वॉर्निंगचा नुसता सावळा गोंधळ होता, एका फाइलमधे साधा प्रिंटएफ (म्हणजे एसटीडी-आउट या नेहमीच्या आउटपुटवर छापणं), दुसरीत एसटीडी-एररवर (चुकांसाठीच्या वेगळ्या आउटपुटवर) एफप्रिंटएफ, तिसरीत कुणीतरी घरी बनवलेला मॅक्रो (कोडचा शॉर्टकट), आणि काही मेसेजच्या शेवटी नवी ओळच नाही त्यामुळे प्रॉम्प्ट वॉर्निंगच्या शेपटीला लटकून यायचा. स्क्रिप्टमधून आउटपुट फाइलमधे घेतलं की अॅरेच्या व्हॅल्यूंच्या मधोमध "सोर्स फाइल बायनरीपेक्षा नवी आहे" हे वाक्य ठाण मांडून बसलेलं, मग करा पार्स, काढा त्यातून व्हॅल्यू वेचून!

त्याहून वैताग म्हणजे क्रम. एसटीडी-आउट फाइलकडे किंवा पाइपकडे वळवला की बफरमधे (तात्पुरत्या साठ्यात) साठत राहतो आणि एसटीडी-एरर लगेच बाहेर पडतो, म्हणजे दोन्ही एकाच फाइलमधे घेतले तर वॉर्निंग आधी दिसणार आणि ज्या कमांडमुळे ती आली तिचं आउटपुट नंतर. यापायी मी एक अख्खी दुपार भलत्याच ब्रेकपॉइंटला (प्रोग्रॅम थांबवायला लावलेल्या खुणेला) शिव्या घालत बसलो होतो.

आता एकच फंक्शन आहे. आधी एसटीडी-आउट फ्लश करतं (साठलेलं बाहेर ढकलतं), मग एसटीडी-एररवर सुरुवातीचं "वॉर्निंग" आणि शेवटची नवी ओळ स्वतःच लावून छापतं, टर्मिनल असेल तरच रंग. यात नवीन शोध काही नाही, जीडीबीत (जीएनयूच्या डीबगरमधे) वॉर्निंगचं असं फंक्शन कधीपासून आहे, आणि डीबग माहितीतल्या बारीकसारीक कुरबुरी तिथे "कम्प्लेंट" म्हणून वेगळ्या ठेवतात ज्या सेटिंग बदलल्याशिवाय दिसतच नाहीत. ही वाटणी मात्र यांनी उचलली नाही, उचलायला हवी होती.

सोर्स उघडून बघितला तर त्या फंक्शनला फॉरमॅट अॅट्रिब्यूटही लावलंय (फॉरमॅट आणि दिलेल्या व्हॅल्यू जुळतात का हे कंपायलरला तपासायला लावणारी खूण), हे मला सगळ्यात आवडलं. जुन्या मॅक्रोच्या आत जे फंक्शन होतं त्याला ते नव्हतं, त्यामुळे ३२ बिटच्या फॉरमॅटला ६४ बिटचा अॅड्रेस दिला तरी जीसीसी कंपायलर हूं की चूं करायचा नाही आणि अॅड्रेसचा वरचा अर्धा भाग गायब होऊन छापला जायचा. आता कंपाइल करतानाच ओरडतो.

एक घोळ मात्र घातलाच. मेसेज स्क्रीनवर आणि लॉग फाइलमधे दोन्हीकडे जातो, आणि पहिल्या रिलीजमधे तोच व्हीए-लिस्ट (फंक्शनला दिलेल्या व्हॅल्यू एकेक वाचत जायचं साधन) दोनदा व्हीएफप्रिंटएफला (त्यावरून छापणाऱ्या फंक्शनला) दिला होता! स्क्रीनवर लाइन नंबर बरोबर, लॉगमधे भलताच आकडा. मेसेजमधे स्ट्रिंग असली तर सरळ क्रॅश. मी रिपोर्ट टाकला तर उत्तर आलं की आमच्याकडे नीट चालतंय, कारण त्यांचं मशीन ३२ बिटचं, तिथे व्हीए-लिस्ट म्हणजे नुसता पॉइंटर, त्याची कॉपी जाते म्हणून निभावतं, तर ६४ बिट लिनक्सवर पहिल्या वापरातच ती पुढे सरकून बसते. सी९९ (सी भाषेचं १९९९ चं स्टँडर्ड) पासून व्हीए-लिस्टची नीट कॉपी करणारं व्हीए-कॉपी आहे की भाषेत, कशाला ठेवलंय ते! पुढच्या पॅचमधे दुरुस्त केलं, तेव्हा घेतलंत तर तो पॅचच घ्या.

अजून एक खटकतं. तीच वॉर्निंग पुन्हा नको म्हणून मेसेज एकदाच दाखवतात, कल्पना चांगली, पण बायनरी नव्याने बिल्ड करून परत लोड केली तरी यादी साफ होत नाही. सोर्स नवा असल्याची सूचना सकाळी एकदा मिळाली की दिवसभर मौन, आणि तुम्ही जुन्या बायनरीत पाऊल-पाऊल टाकत नव्या कोडच्या ओळी बघताय.

पाचपैकी चार. अपडेट कराच, फक्त ज्यांच्या स्क्रिप्ट एसटीडी-आउटमधे वॉर्निंग शोधतात त्यांनी एसटीडी-एररही त्याच फाइलकडे वळवा, माझं रात्रीचं टेस्टिंग तीन दिवस "शून्य वॉर्निंग" सांगत होतं आणि मी खुशीत होतो.