बाळाचं नाव सुचवणारी ऑनलाइन सर्व्हिस, ५ पैकी २ स्टार

दादाला मुलगी झाली आणि नाव शोधायचं काम रीतीप्रमाणे माझ्या गळ्यात पडलं, आत्या ना मी. वहिनी म्हणाली वर्गात त्याच नावाची दुसरी मुलगी नको, दादा म्हणाला नाव एखाद्या जागेवरून हवं, नदी गाव डोंगर काहीही चालेल. बारशाला आठ दिवस राहिलेले, ऑफिसमधून आल्यावर माझं डोकं चालत नाही, म्हणून इन्स्टावर सारखी जाहिरात यायची त्या सर्व्हिसला १,४९९ रुपये भरून टाकले. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

फॉर्म दोन पानी. जन्मवेळ, रास, आवडतं अक्षर, आडनावाचं स्पेलिंग, आईबाबांचा लकी नंबर, सगळं विचारलं. थीममध्ये मी 'जागेवरून नाव' सिलेक्ट केलं. तिसऱ्या दिवशी पीडीएफ आली, ३० नावं, गुलाबी बॅकग्राउंड, प्रत्येक नावाशेजारी एक फूल.

पहिलंच नाव मायरा. अहो, आमच्या सोसायटीत तीन मायरा आहेत! गंमत म्हणजे मायरा हे खरंच एका जागेचं नाव आहे, आजच्या तुर्कस्तानातलं एक जुनं शहर, ज्यांच्यावरून सांताक्लॉज आला ते सेंट निकोलस तिथलेच बिशप. पण पीडीएफमध्ये अर्थ काय तर नुसतं 'प्रिय'. म्हणजे थीमला बसणारी एकमेव गोष्ट यांनाच माहीत नाही. मग सिएना, व्हेनिस, पॅरिस अशी ट्रिपच निघालीये. सिएना आणि पुढे आमचं कोकणातलं आडनाव, आजी दोन दिवस त्या नावाचा उच्चारच शोधत होती.

एक स्टार ज्याच्यासाठी दिला ते पण सांगते. पंजाबातल्या नद्यांची जुनी नावं छान दिली होती, वितस्ता म्हणजे झेलम, विपाशा म्हणजे बियास, इरावती म्हणजे रावी. विपाशाची गोष्टही नीट लिहिलेली, वसिष्ठांनी स्वतःला पाशांनी बांधून नदीत उडी टाकली आणि नदीने ते पाश सोडवले म्हणून विपाशा. हे वाचून मी जरा खूश झाले. दुसरा स्टार वेळेत पीडीएफ आली म्हणून.

इरावतीवर मात्र मी अडकले. इरावतीबाई कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचं नाव ठेवलं. म्हणजे जिथे जन्मली तिथली नदी, म्हणून ते नाव शोभतं. आपल्याकडे तर हे फार जुनं आहे हो, वैदेही, मैथिली, पांचाली, गांधारी, कैकेयी, सगळी माहेरच्या मुलखावरून आलेली नावं, रुक्मिणी पण विदर्भाची म्हणून वैदर्भी. आणि मग माझी ट्यूब पेटली की दोन पानी फॉर्ममध्ये 'तुमचं गाव कुठलं' हा प्रश्नच नव्हता. लकी नंबर विचारला, गाव नाही.

आमचं गाव चिपळूण. मी म्हटलं वाशिष्ठी ठेवूया, किती भारदस्त आहे. आजी काही बोललीच नाही, उठून आत गेली. २२ जुलै २०२१ ला त्याच वाशिष्ठीचं पाणी आमच्या माळ्यापर्यंत आलं होतं आणि आजी त्या रात्री शेजाऱ्यांच्या गच्चीवर होती. मी कशी विसरले देव जाणे. तो विषय तिथेच बंद.

त्यात एक काका आले, म्हणे मनुस्मृतीत लिहिलंय नदीचं नाव असलेली मुलगी करू नये. आजी आतून म्हणाली, माझं नाव गोदावरी, जावेचं कृष्णा, दोघींची लग्नं झाली. काका चहा पिऊन गेले.

मग वहिनीचं माहेर काढलं, नेवासा. ज्ञानेश्वरी जिथे सांगितली गेली ते, प्रवरेच्या काठी. प्रवरा! रतनगडाकडून निघते, भंडारदऱ्याच्या धरणातून पुढे येते आणि नेवाशाच्या पुढे प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. म्हणजे आजीच्या नावाला जाऊन मिळते, हे कळल्यावर आजी दुसरं नाव ऐकायलाच तयार नाही. दादा म्हणाला लोक साखर कारखाना म्हणतील. म्हणू देत, गोडच आहे. कोयना ठेवलं असतं तर एक्स्प्रेस म्हणाले असते आणि इंद्रायणी ठेवलं असतं तर तांदूळ. पीडीएफमधल्या ३० नावांत प्रवरा नव्हती, महाराष्ट्रातली एकही नदी नव्हती.

अजून एक, हे खास वाचा. मधेच यांचा मेसेज, २१ दिवसांत नाव फायनल नाही केलं तर बर्थ सर्टिफिकेटला प्रॉब्लेम येईल, ४९९ भरून एक्सपर्ट कॉल घ्या. साफ खोटं. २१ दिवस जन्माची नोंद करायला असतात आणि ती नावाशिवाय होते. नाव नंतर १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, त्यानंतर लेट फी भरून १५ वर्षांपर्यंत. दवाखान्यातून नुकत्याच घरी आलेल्या बायकांना असं घाबरवून पैसे काढणं मला अजिबात आवडलं नाही, एक स्टार तिथेच कापला.

बारशाला मी कानात प्रवरा म्हटलं, पाठीत धपाटे खाल्ले, बाळ झोपलेलंच. दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेल, रेटिंग द्या. मी सविस्तर लिहिलं की फॉर्ममध्ये गावाचा प्रश्न टाका, आईचं आणि बाबांचं दोन्ही. उत्तर आलं, फीडबॅकबद्दल धन्यवाद, दुसऱ्या बाळासाठी २० टक्के डिस्काउंट. वहिनीला अजून दाखवलं नाहीये.