फ्रागमेन्तोस, बोगोता: बंदुकांच्या फरशीवर तासभर

"अगं पण बंदुका कुठायत?" आत शिरून पाच मिनिटं झाली तेव्हा नवऱ्याचा हा प्रश्न. समोर सगळं रिकामं, काचेच्या भिंती, काचेपलीकडे जुन्या घराचे पडके अवशेष आणि मस्त वाढलेली झाडं. त्याला वाटलेलं शोकेसमध्ये रायफली मांडून ठेवल्या असतील. म्हटलं अरे, तू उभा आहेस त्यावरच.

तर फ्रागमेन्तोस हे कोलंबियाच्या राजधानीतलं, बोगोतातलं कलादालन असं आहे. कोलंबियात फार्क नावाची गनिमी संघटना पन्नासेक वर्षं सरकारशी लढत होती, 2017 मध्ये त्यांनी शस्त्रं खाली ठेवली आणि त्यातली 37 टन वितळवून शिल्पकार दोरिस साल्सेदोनी पुतळा, खांब, मशाल असलं काही उभं न करता सरळ फरशी केली. काळपट, खडबडीत, कुठेच सपाट नाही. त्या बाई ह्याला स्मारक म्हणूच देत नाहीत, प्रतिस्मारक म्हणतात. आणि ते खाचखळगे मुद्दाम डिझाइन म्हणून आलेले नाहीत हं, युद्धात ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले त्या बायकांनी हातोडे घेऊन पत्रे ठोकले, त्या पत्र्यांवरून साचे केले आणि त्यात हे लोखंड ओतलं. त्याची फिल्म तिथेच दाखवतात, ती आधी बघा. स्पॅनिश नाही आलं तरी बिघडत नाही, घाव घालणाऱ्या बायकांचे चेहरे बघितले की पुरे. मी फिल्म बघून परत फरशीवर आले तर पाय जरा जपूनच पडायला लागले.

पण माझा खरा सल्ला असा की टॅक्सी करून थेट इथे येऊ नका. आधी प्लाझा दे बोलिवार ह्या मुख्य चौकात जा, तिथून कारेरा 7 हा रस्ता धरून दक्षिणेला चालत या, प्रेसिडेंटच्या वाड्यावरून, दहा-पंधरा मिनिटं लागतात (वाटेत पोलीस बॅगा तपासतात, घाबरू नका). कारण ही फरशी होते की नाही अशी एकदा वेळ आलेली आणि तो किस्सा त्या चौकातला आहे.

झालं असं की सरकार आणि फार्कनी क्युबातल्या हवानात चार वर्षं बोलणी करून 26 सप्टेंबर 2016 ला कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात शांतता करारावर सह्या केल्या, पांढरे कपडे, पाहुणे, सगळं थाटात, आणि सहा दिवसांनी सार्वमतात लोकांनी "नको" म्हणून टाकलं. 50.2 टक्के विरुद्ध 49.8, म्हणजे फरक 54 हजार मतांचाही नाही, आणि मतदानाला आले होते जेमतेम 37 टक्के. मला सगळ्यात लागलं ते बोहाया गावाचं. 2002 मध्ये फार्कचा सिलिंडर बॉम्ब तिथल्या चर्चवर पडला, आत जीव वाचवायला जमलेले गावकरी गेले, आणि त्याच बोहायानी 96 टक्के "हो" म्हटलं. ज्यांनी भोगलं ते हो म्हणतायत आणि बाकीचे घरात बसून, असो.

मग करार हवेत लटकला. फार्कचे लोक जंगलात, युद्धबंदी किती दिवस टिकेल कोणाला सांगता येईना. तेव्हा 5 ऑक्टोबरला विद्यार्थी रस्त्यावर आले, हजारो पोरं, मेणबत्त्या घेऊन, मूक मोर्चा. चौकात तंबू ठोकले गेले, मागणी दोनच शब्दांची, "आक्वेर्दो या", म्हणजे करार आत्ता. 11 तारखेला ह्याच साल्सेदोबाईंनी चौकभर पांढरं कापड अंथरलं, त्यावर राखेनं मेलेल्यांची नावं, आणि येईल त्याच्या हातात तुकडे जोडून शिवायला सुईदोरा. दुसऱ्या दिवशी आदिवासी, शेतकरी, युद्धात होरपळलेली माणसं फुलं घेऊन मोर्चात उतरली. नुसत्या मोर्च्यांनी झालं असं मी म्हणणार नाही, "नको"वाल्यांशी बोलून करारात बरेच बदल करावे लागले, पण बोलणी थंड पडू दिली नाहीत ती चौकातल्या माणसांनी. 24 नोव्हेंबरला बोगोतातल्या तेआत्रो कोलोन ह्या नाट्यगृहात नवीन करारावर सह्या झाल्या. 2 ऑक्टोबर ते 24 नोव्हेंबर, मोजलं तर 53 दिवस. गंमत बघा, फ्रागमेन्तोसच्या बाकीच्या खोल्यांमध्ये इतर कलाकारांची कामं लावायची ठरली तीसुद्धा 53 वर्षं, युद्ध तेवढं चाललं म्हणून.

हे सगळं फरशी तुम्हाला सांगणार नाही, म्हणून आधी चौक.

आणि कोणाला वाटत असेल की मिटलं सगळं, तर नाही. ईएलएन ही दुसरी गनिमी संघटना अजून आहे. त्यांच्याशी 2017 मध्ये इक्वेडोरच्या किटोत बोलणी सुरू झाली, मग 17 जानेवारी 2019 ला बोगोतातल्या पोलीस शाळेत ईएलएनचा कार बॉम्ब, 22 कॅडेट गेले, बोलणी संपली. 2022 मध्ये व्हेनेझुएलाच्या काराकासला पुन्हा सुरू, आणि 2025 मध्ये, तारीख परत 17 जानेवारीच, व्हेनेझुएलाच्या सीमेजवळच्या कातातुंबो भागातल्या हिंसाचारामुळे प्रेसिडेंट पेत्रोंनी थांबवली. तिथून 50 हजारांवर लोकांना घरदार सोडावं लागलं. मी फरशीवर उभी राहून हिशोब करत होते की त्या बंदुका वितळल्या तर अजून किती खोल्या होतील, नवरा म्हणाला आधी टेबलाशी तर बसू देत.

बाकी कामाचं. तिकीट नाही, फुकट आहे. सोमवारी बंद. सपाट तळाचे बूट घाला, हिल्स अजिबात नको. तासभर पुरतो, पण आम्ही दोन तास होतो कारण नवरा फिल्म दुसऱ्यांदा बघायला गेला. माझ्याकडून पाच स्टार, त्याच्याकडून साडेचार, अर्धा का कापला ते सांगत नाहीये.